चांद्रमोहिमांचा इतिहास शिकवणारे संकेतस्थळ : नकाशा, तारखा आणि फसलेल्या मोहिमा

रेखावृत्त :
आठवी-नववीच्या मुलांसाठी चांद्रमोहिमांचा इतिहास सांगणारे मराठी संकेतस्थळ तयार करतो आहे. १९५९ च्या लूना २ पासून २०२४ च्या चांग-ई ६ पर्यंत. वर चंद्राचा नकाशा, खाली काळपट्टी, खूण दाबली की मोहिमेची माहिती. शाळेत वीस अँड्रॉइड टॅब आहेत, प्रत्येकी २ जीबी रॅमचे. नेट बेभरवशाचे, म्हणून सगळे नेटशिवाय चालायला हवे, पेनड्राइव्हवरून टॅबमध्ये टाकायचा बेत आहे. अडलेल्या गोष्टी :
लीफलेटमधला (नकाशे दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) नकाशा ध्रुवांकडे ताणला जातो आणि चांद्रयान-३ ची खूण भलत्याच जागी पडते. थ्री-जेएसचा (त्रिमितीय चित्रांची लायब्ररी) फिरता गोल लॅपटॉपवर झकास, टॅबवर नुसता काळा. अपोलो ११ उतरल्याची तारीख कुठे २० जुलै मिळते, कुठे २१. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मुले पटापट खुणा दाबतात, चित्र बघतात, पुढे जातात. हाती काही लागत नाही.

टिंबटिंब :
नकाशाचे आधी. लीफलेट गृहीत धरते की नकाशा पृथ्वीचा आहे आणि मर्केटर प्रक्षेपातला, म्हणजे ध्रुवांकडे ताणत जाणारा आहे. चंद्राची बहुतेक मोफत चित्रे मात्र समान अंशांच्या चौकटीतली असतात, रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट. नकाशा बनवताना सीआरएसमध्ये (निर्देशांकांची पद्धत) ‘सिंपल’ निवडा आणि चित्राच्या सीमा उणे ९०, उणे १८० पासून ९०, १८० पर्यंत द्या. मग अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकता येतात. या पद्धतीत झूम शून्यला एक अंश म्हणजे एक पिक्सेल, त्यामुळे ४०९६ पिक्सेल रुंद चित्र साडेतीन झूमच्या पुढे फुटू लागते. कमाल झूम ५ वर अडकवा.

खूण तरीही चुकत असेल तर चित्राचा मध्य तपासा. काही नकाशांच्या मध्यावर ० रेखांश असतो, काहींच्या १८०. नासाच्या ‘सीजीआय मून किट’मधला रंगीत नकाशा ० वर मध्य धरतो, तो घ्या. रेखांश ० ते ३६० असे दिलेले असतील तर १८० पेक्षा मोठ्या आकड्यातून ३६० वजा करा. पश्चिम रेखांश उणे. अपोलो १२ चा २३.४ पश्चिम आहे, अपोलो ११ चा २३.५ पूर्व. एक उणे चिन्ह विसरलात तर दोघे जवळजवळ शेजारी येऊन बसतात, आणि खुणा दिसायला व्यवस्थित असल्यामुळे चूक कुणाच्या ध्यानातही येत नाही.

जुन्या पुस्तकांतले चंद्राचे नकाशे वापरणार असाल तर जपून. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने चंद्रावरच्या पूर्व-पश्चिम दिशा उलटवल्या. ‘मारे ओरिएन्टाले’ म्हणजे पूर्वेचा सागर, आणि तो आज पश्चिम कडेला आहे, तो त्यामुळेच.

चांद्रयान-३ ची जागा ६९.३७ दक्षिण, ३२.३२ पूर्व. तिथे हा सपाट नकाशा आडवा जवळजवळ २.८ पट ताणलेला असतो. विवरे लांबट दिसली तर तो तुमचा दोष नव्हे. चंद्रावर एक अंश अक्षांश म्हणजे ३०.३ किमी, म्हणजे ही जागा ध्रुवापासून साधारण सव्वासहाशे किमी दूर आहे. ‘दक्षिण ध्रुवावर उतरले’ असे लिहू नका, ‘दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात’ लिहा. अंतर मोजायची सोय ठेवणार असाल तर लीफलेटचे स्वतःचे माप इथे निरुपयोगी, सिंपलमध्ये ते अंशांत मोजते. १,७३७.४ किमी त्रिज्या घेऊन गोलावरचे अंतर काढणारे हॅवरसाइन सूत्र स्वतः लिहा.

मापाचा अंदाज यावा म्हणून : ४०९६ च्या चित्रात विषुववृत्तावर एक पिक्सेल २.७ किमीचा. आपले लोणार १.८ किमी व्यासाचे, म्हणजे एक पिक्सेलही भरत नाही. मुलांना हे दाखवाच. शिवाय लोणारचा खडक बेसाल्ट आणि चंद्रावरच्या ‘सागरां’चाही बेसाल्टच.

गोल मात्र काढून टाका. दोन-दोन नकाशे सांभाळायची गरज नाही.

पाटीपेन्सिल :
गोल काढू नका! चंद्राची पलीकडची बाजू सपाट नकाशावर डाव्या-उजव्या टोकांना फाटून जाते. ७ ऑक्टोबर १९५९ ला लूना ३ ने काय टिपले, किंवा ३ जानेवारी २०१९ ला चांग-ई ४ कुठे उतरले, हे गोलाशिवाय समजत नाही. ‘पलीकडची’ म्हणजे ‘अंधारी’ हा गैरसमजही गोलावरच जातो. उजेडाचा दिवा फिरवून अमावास्या लावा, पलीकडे भर दुपार दिसेल.

टॅबवर काळा येण्याचे कारण बहुधा चित्राचा आकार. ८१९२ × ४०९६ चे चित्र फाइल म्हणून चार-पाच एमबी असले तरी ग्राफिक्स मेमरीत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात, म्हणजे १३४ एमबी, वर त्याच चित्राच्या लहान आवृत्त्यांसाठी आणखी एक तृतीयांश. २ जीबीच्या टॅबला ते झेपत नाही. २०४८ × १०२४ ला ८.४ एमबी पुरतात. टॅबला तेच द्या. तेही काळे आले तर पान कसे उघडता ते बघा. फाइलवर टिचकी मारून उघडलेल्या पानात ब्राउझर सुरक्षेपायी गोलावर चित्र चढवू देत नाही, जेसनही (माहितीची फाइल) वाचू देत नाही. पेनड्राइव्हचा बेत त्यामुळे सोडा. लॅपटॉपवर पायथनचा साधा सर्व्हर ८००० पोर्टवर चालवा, फायरवॉलमध्ये परवानगी द्या आणि टॅबमध्ये लॅपटॉपचा पत्ता टाका. विंडोजच्या हॉटस्पॉटला आठच उपकरणे जोडता येतात, वीस टॅबसाठी एखादा जुना राउटर लागेल, नेट जोडलेले नसले तरी चालते. अँड्रॉइड ‘इंटरनेट नाही’ म्हणून कुरकुरेल, तरी जोडलेले राहा म्हणायचे. लीफलेट, थ्री-जेएस आणि मराठी फॉन्ट नेटवरून ओढत असाल तर वर्गात पान कोरे येईल, सगळे त्याच फोल्डरात ठेवा.

तारखांचे : दोन्ही बरोबर आहेत. अपोलो ११ चे ईगल उतरले २० जुलै १९६९ ला २०:१७ जागतिक वेळेनुसार, म्हणजे आपल्याकडे २१ जुलैची रात्र, १ वाजून ४७ मिनिटे. आर्मस्ट्राँगचे पहिले पाऊल आपल्या सकाळी ८:२६ ला. विक्रम (चांद्रयान-२) कोसळले ते भारतात ७ सप्टेंबर २०१९, जागतिक वेळेत ६. मोहिमांच्या तक्त्यात एकच जागतिक वेळ ठेवा, शेवटी झेड (जागतिक वेळेची खूण) लावून, आणि दाखवताना भारतीय वेळेत बदला. जावास्क्रिप्टमध्ये आडव्या रेघांनी लिहिलेली नुसती तारीख जागतिक वेळ धरली जाते आणि तिरक्या रेघांनी लिहिलेली स्थानिक. एका तक्त्यात दोन्ही मिसळल्या की साडेपाच तासांचा घोळ होतो आणि शोधता शोधता संध्याकाळ होते.

उल्कापात :
मुले का शिकत नाहीत याचे उत्तर तुमच्या तक्त्यातच असावे. त्यात फक्त यशस्वी मोहिमा असतील तर ती पदकांची यादी झाली, तिच्यात विचार करण्यासारखे काही उरत नाही. लूना ४ ते ९ ओळीने लावा : ४ चंद्राला चुकले, ५ आदळले, ६ चुकले, ७ आणि ८ आदळले, आणि ३ फेब्रुवारी १९६६ ला ९ अलगद उतरले. अमेरिकेच्या रेंजर १ ते ६ फसल्या, ३१ जुलै १९६४ ला रेंजर ७ ने आदळण्यापूर्वी ४,३०८ चित्रे पाठवली. सोव्हिएत यादी घेताना लक्षात ठेवा, पृथ्वीच्या कक्षेतच अडकलेल्या यानांना ‘लूना’ क्रमांक न देता ‘कॉसमॉस’ म्हणून नोंदवत, उदाहरणार्थ १९६५ चे कॉसमॉस ६०. निकालाचा रकाना करा आणि नुसता लाल-हिरवा रंग न वापरता आकारही वेगळे ठेवा, रंगांधळी मुले असतात.

काळपट्टीवर १९७६ च्या लूना २४ नंतर १९९० च्या जपानी हितेनपर्यंत एकही खूण नाही. ती मोकळी जागा दिसायला वाईट म्हणून आकसू नका. ‘इथे काय झाले?’ हा प्रश्न मुलांनीच विचारायला हवा.

दाबण्यासारख्या दोनच गोष्टी ठेवा. एक, बग्गी चालवणे. इशारा चंद्रावर जाऊन यायला सुमारे २.६ सेकंद, तेवढ्या उशिराने बटणाचा परिणाम दाखवा. दुसऱ्या फेरीत हलते चित्र काढून दर दहा सेकंदांनी एक स्थिर चित्र द्या, लुनोखोद या सोव्हिएत चांद्रबग्गीच्या चालकांना असेच तुटक दिसे. थोडे चालायचे, थांबायचे, बघायचे, हे मुले आपणच शोधतात. मग लुनोखोद १ चे सुमारे दहा महिन्यांतले साडेदहा किमी आणि प्रज्ञानचे शंभरेक मीटर त्यांच्यासमोर ठेवा.

दुसरी, उतरणे. चांद्रयान-३ थोडे थांबले होते त्या १५० मीटरवरून सुरुवात, गुरुत्व १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग. इंजिन लावलेच नाही तर साडेतेरा सेकंदांत ताशी ऐंशीच्या वेगाने आदळते. ३ मीटर प्रति सेकंदाच्या आत टेकले तर यश. हवाई छत्रीचे बटणही ठेवा, दाबले तरी काही होत नाही असे. हवा नाही हे कुणी सांगावे लागत नाही.

गणित दर चौकटीला (फ्रेमला) ठरावीक पावलाने करू नका, सेकंदाला साठ चौकटींच्या लॅपटॉपवर यान तीसच्या टॅबपेक्षा दुप्पट वेगाने पडते. मागच्या चौकटीपासूनचा खरा वेळ मोजा आणि तो ०.०५ सेकंदावर कापा. नाहीतर मूल दुसरे पान बघून परत येते तोवर यान जमिनीखाली गेलेले.

रेखावृत्त :
सिंपल लावल्यावर खूण जागेवर आली, २०४८ च्या चित्राने गोलही उजळला. आता अपोलो १२ आणि सर्व्हेयर ३ एकमेकांवर बसतात, एकच दाबली जाते. थोडे सरकवू का?

टिंबटिंब :
सरकवू नका. त्यांच्यात खरोखरच पावणेदोनशे मीटरच्या आतबाहेरचे अंतर आहे. अंतराळवीर चालत जाऊन अडीच वर्षांपूर्वी उतरलेल्या सर्व्हेयरचा कॅमेरा काढून घेऊन आले. दोघांची एकच खूण करा, वर ‘२’ लिहा, दाबल्यावर चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाने वरून घेतलेले त्या जागेचे चित्र उघडा. त्यात दोन्ही याने दिसतात, आणि चालल्याच्या वाटाही.