परदेशी ग्रँट आणि आमचा बिनानोंदणीचा नाशिकचा गट: पैसे घ्यायचे कसे?

रविवारचा_कट्टा

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आमचा एक छोटा गट आहे. गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्स, सगळेच येतात. बरेचसे अंबड-सातपूरला कंपनीत, काही कॉलेजात. रविवारी संध्याकाळी भेटतो. आत्तापर्यंत गंगापूर रोडला एका मैत्रिणीच्या फ्लॅटवर जमायचो, पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी 'दर रविवारी एवढी माणसं कशाला?' असं विचारायला सुरुवात केली, तेव्हा आता जागेचा शोध चालू आहे. नोंदणी नाही, बँक खातं नाही, खर्च वर्गणीतून.

गटातल्या एकीने न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्ट्रिया फाउंडेशनची माहिती पाठवली. जगभरातल्या आमच्यासारख्या छोट्या गटांना ते मदत करतात म्हणे. तेव्हापासून चर्चेला ऊत आलाय. एक म्हणतो, माझ्या सेव्हिंग खात्यात मागवू, नंतर हिशेब देऊ. माझा एक मावसभाऊ अमेरिकेत आहे, तोही थोडेफार द्यायला तयार आहे. हे चालतं का? आणि नोंदणी करायचीच तर उद्दिष्टांत आमचं काम स्पष्ट लिहायचं की 'युवक कल्याण' असं काहीतरी गुळमुळीत? आमच्यातले अर्धे जण आईवडिलांच्या घरी राहतात. कागदावर नाव लागलं की घरच्या पत्त्यावर टपाल येणार, ही खरी धास्ती.

सडेतोड_नाशिककर

स्पष्ट बोलतो, राग नसावा. परदेशी पैसा आला की परदेशी अजेंडा येतो. स्वतःच्या खिशातून करा, कुणी विचारणार नाही.

व्हाउचरवाला

सडेतोड, त्यांनी प्रश्न कायद्याचा विचारलाय, आधी तो घेऊ. मग अजेंड्याकडे येतो, कारण त्यातही थोडं तथ्य आहे, फक्त तुम्हाला वाटतं त्या बाजूने नाही.

माझी ओळख एवढीच की नाशकात एका टीआय प्रोजेक्टवर आधी आउटरीचला आणि मग हिशेबाला होतो. टीआय म्हणजे एड्स नियंत्रणाचे प्रकल्प. सरकारी पैसा, नॅको म्हणजे केंद्राची एड्स नियंत्रण संस्था आणि राज्याची एड्स नियंत्रण सोसायटी यांच्यामार्फत येणारा.

सेव्हिंग खात्यात परदेशी पैसे अजिबात मागवू नका. एफसीआरए हा परदेशी देणग्यांवरचा 2010 चा कायदा व्यक्तीलाही लागू आहे आणि गटालाही, मग तो गट नोंदवलेला असो वा नसो. सामाजिक कामासाठी परदेशी स्रोताकडून पैसे घ्यायचे तर केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी हवी, नाहीतर त्या विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान 3 वर्षं जुनी आणि त्या 3 वर्षांत तिने कामावर 15 लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. तुमच्या वर्गणीत हा आकडा कधी गाठणार? पूर्वपरवानगीची वाट नव्या संस्थांसाठी आहे, त्यात देणाऱ्याचं पत्र लागतं, चौकशी होते, वेळ जातो. सगळं जमलं तरी पैसे उतरणार फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या शाखेत. तिथून पुढे नाशकात.

'कन्सल्टन्सी दाखवून घेऊ' असं सुचवणाराही कुणीतरी भेटेलच. खरोखर धंद्याचं काम करून त्याची फी घेतली तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण कामच नाही आणि नुसता करार आहे, असं असेल तर तो कागद तुमच्याविरुद्धच पुरावा होतो.

मावसभावाचं सोपं आहे. त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल, मग भले ग्रीन कार्ड असो, तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकन नागरिक झाला असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) दाखवूनही उपयोग नाही.

आता पूर्वी काय व्हायचं ते ऐका, कारण तुमची खरी अडचण त्यात आहे. मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या संस्था परदेशी निधी घ्यायच्या आणि त्यातला काही भाग जिल्ह्यांतल्या छोट्या गटांना द्यायच्या. त्यासाठी छोट्या गटालाही सहसा एफसीआरए नोंदणी लागायची, तरी इंग्रजी प्रस्ताव, अहवाल, डॉलरचे हिशेब ही डोकेदुखी मोठी संस्था बघायची. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देणंच बंद केलं. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आणली. त्यामुळे जगात आपल्या कामासाठी कितीही पैसा असला तरी तो ठाण्याच्या पुढे येत नाही. मोठी संस्था नाशकात स्वतःचा कार्यक्रम चालवू शकते, तुमच्यातल्या कुणाला पगारावर घेऊ शकते. पण मग ते काम त्यांचं, फलक त्यांचा आणि माणूसही त्यांचा.

आता अजेंडा. सडेतोड, टीआयचा पैसा शंभर टक्के देशी होता. अजेंडा त्यालाही होताच: टार्गेट. महिन्याला इतक्या नव्या नोंदी, इतक्या एचआयव्ही चाचण्या, इतके कंडोम. मी ते काम हलकं लेखत नाही, त्याने माणसं वाचली. एमएसएम (पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष), टीजी (ट्रान्सजेंडर) असले दोन-तीन अक्षरी शिक्के मारूनच का होईना, आम्हाला बसायला खोली मिळाली ती त्याच पैशातून. पण एका रात्री सिन्नरकडच्या एका पोराचा फोन आला. घरच्यांनी कोंडलंय, मोबाइल काढून घेतलाय, शेजाऱ्याच्या फोनवरून बोलतोय. गाडी ठरवून गेलो, पोलीस ठाण्यात पहाटेपर्यंत बसलो, वकिलाला झोपेतून उठवलं. मुलगा सुटला. दुसऱ्या दिवशी मी व्हाउचर करायला बसलो तर गाडीभाड्याला बजेटात हेडच नाही. प्रवासखर्च होता, पण ठरलेल्या साइटपुरता. सिन्नर साइटमध्ये नाही. वकिलाची फी तर कुठल्याच रकान्यात बसेना. शेवटी सगळ्यांनी खिशातून भरलं, आणि तो महिना असा की मानधनाचा हप्ताही लांबलेला.

अ‍ॅस्ट्रियासारख्या संस्थांचं मोल मला इथे वाटतं. ती 1977 मध्ये सुरू झाली, अ‍ॅमस्टरडॅमची मामा कॅश 1983 मध्ये. दोन्ही बायकांनी, त्यातही लेस्बियन बायकांनी उभ्या केलेल्या. मोठे फाउंडेशन आपल्याला दारात उभं करत नव्हते, म्हणून यांनी स्वतःच पैसा जमवून वाटायला घेतला. या लोकांकडून संस्थेच्या सर्वसाधारण खर्चालाही पैसे मिळतात, म्हणजे भाडं, पगार, गाडीभाडं, जे लागेल ते. नैरोबीच्या उहाई या अशाच निधी देणाऱ्या संस्थेचं तर मला फारच पटतं. 2009 पासून पूर्व आफ्रिकेत काम करतात, आणि कुणाला किती द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीत तिथलेच कार्यकर्ते बसतात. सिन्नरचं गाडीभाडं का लागतं हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच भागात युगांडाने 2023 मध्ये असा कायदा केला की समलैंगिकतेचा 'प्रसार' म्हणून अशा कामाला पैसे पुरवणाऱ्यालाही 20 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यापुढे आपलं एफसीआरए म्हणजे निव्वळ कागदांचा छळ.

आणि परदेशी सरकारचा पैसा म्हणजे कायमचा, असंही समजू नका. जानेवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनमध्ये एक आदेश निघाला, यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचा निधी गोठला आणि हैदराबाद, कल्याण, पुण्यातले ट्रान्स व्यक्तींसाठीचे मित्र क्लिनिक बंद पडले. हैदराबादचं पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने सबरंग नावाने परत उघडलं.

नोंदणीचं उद्या लिहितो, इथे लाइट जायची लक्षणं आहेत.

रविवारचा_कट्टा

दादा, मनापासून आभार. मावसभावाला विचारलं, तो गेल्याच वर्षी अमेरिकन नागरिक झाला! म्हणजे बाद. वहिनीचा पासपोर्ट मात्र अजून भारतीय आहे आणि ती नोकरीही करते. ती देईल, तो म्हणतो माझ्यापेक्षा तीच जास्त उत्साही आहे.

द्वारकेची_माई

वाचतेय सगळं. लेकरा, तुमचा रविवारचा गट मला ऐकून माहीत आहे. चांगला आहे. पण एक बोलू का? तुम्ही पैशाचं बोलायला आत्ता बसलात, आमच्या किन्नर जमातीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. बाजार मागून, बधाईतून जे येतं त्यातला वाटा गुरूच्या घरी जातो, आणि कुणी आजारी पडलं की तिथूनच निघतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका चेल्याला खासगी दवाखान्यात न्यावं लागलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, आधी डिपॉझिट भरा, मग बेड बघू, आणि बेड बायकांच्या वॉर्डात की पुरुषांच्या यावर वेगळा घोळ. डिपॉझिट तासाभरात गोळा झालं, तेही सुट्ट्या नोटांत. त्याला प्रस्ताव लिहावा लागला नाही. त्यात वाईटही आहे, सगळं गुरूच्या मर्जीवर चालतं आणि भांडून बाहेर पडलेल्या चेल्याला कुणी वाली नसतो. मी स्वतः भोगलंय ते.

आता 2027 चा सिंहस्थ येतोय. किन्नर आखाड्याचं नाव होईल, कॅमेरे येतील, देणारेही येतील. ते पैसे तंबूला आणि मिरवणुकीला जातील. कोर्टकचेरीला आणि ओळखपत्राच्या हेलपाट्यांना कोण देतं ते मी बघतेच आहे.

तुम्ही संस्था काढाल तेव्हा विश्वस्तांत आमच्यातल्या दोघी तरी घ्या. बॅनरवरच्या फोटोपुरत्या नकोत, चेकवर सही करणाऱ्या हव्यात.

सडेतोड_नाशिककर

माई, बरोबर बोललात. माझा अजेंड्याचा मुद्दा मी सोडत नाही, पण सिन्नरचा किस्सा वाचून गप्प बसलो होतो. अशा गाडीभाड्याला कधी कमी पडलं तर मला निरोप करा. माझा पासपोर्ट भारतीय आहे.

व्हाउचरवाला

माईंच्या शेवटच्या वाक्याला माझी सही.

नोंदणी. सोसायटी केलीत तर किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात ती 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदवावी लागते. नुसता ट्रस्ट केलात तर कमी माणसांत भागतं. दोन्हीसाठी धर्मादाय कार्यालयातच जायचं. कार्यालयाच्या पत्त्यासाठी लाइट बिल आणि जागामालकाचं संमतिपत्र मागतात, म्हणून आधी जागेचं बघा, नोंदणीचं नंतर.

घरच्या टपालाची भीती खरी आहे, पण विश्वस्त गटातलाच असला पाहिजे असं कुठे आहे? कुणाची आई, निवृत्त शिक्षिका, ओळखीचे वकील असे दोघे-तिघे घ्या, बाकी माईंच्या दोघी. फक्त उद्या दिवाळीच्या फराळावरून भांडणाऱ्यांना घेऊ नका. विश्वस्त बदलला की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, आणि जुना विश्वस्त हरकत घेऊन बसला तर वर्षानुवर्षं तारखा पडतात.

संस्थेचं नाव साधं ठेवा, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही असं. उद्दिष्टांत मात्र गुळमुळीत लिहू नका. 'लैंगिकता व लिंगभावामुळे भेदभाव सोसणाऱ्या व्यक्तींना समुपदेशन, कायदेशीर मदत, निवारा व आरोग्यसेवा' असं सरळ लिहा. 'युवक कल्याण' लिहिलंत आणि पैसा वकिलावर खर्च केलात, तर ऑडिटला तो उद्दिष्टाबाहेरचा खर्च दिसतो. ट्रान्स व्यक्तींची ओळख मान्य करणारा 2014 चा नाल्सा निकाल आणि समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणणारा 6 सप्टेंबर 2018 चा कलम 377 चा निकाल झाल्यावर हे काम बेकायदेशीर आहे असं कुणी कार्यालयात म्हणू शकत नाही. म्हटलंच तर लेखी मागा.

मग पॅन, खातं, 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत), 80जी (देणगीदाराला करसवलत). ही शेवटची दोन्ही आली की कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी (सीएसआर) घेण्यासाठीचा सीएसआर-1 फॉर्म भरता येतो. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे 500 कोटी नक्त मूल्य, 1,000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावेच लागतात. अंबड-सातपूरला तुमच्यातले जिथे राबतात त्यांतल्या काही त्यात बसतीलच. वकिलाला ते पैसे देणार नाहीत, एचआर घाबरतो. समुपदेशनाला, कौशल्य प्रशिक्षणाला देतील. तेवढं घ्या, आणि वर्गणी त्यामुळे मोकळी होते ती गाडीभाड्याला ठेवा.

अ‍ॅस्ट्रियाला आत्ता अर्ज नको. पण तीन वर्षांनी पूर्वपरवानगीची वेळ आलीच, तर कामाला लागेल असा हिशेब आजपासून ठेवा. टपरीवाला बिल देत नाही? स्वतः व्हाउचर करा: तारीख, कशासाठी, किती, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, आणि 5,000 च्या वरच्या पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट.

वहिनींचे पैसे संस्थेच्या खात्यात त्यांच्या स्वतःच्या खात्यातूनच येऊ देत, जॉइंट खात्यातून नकोत, आणि पासपोर्टची प्रत फाइलला लावा. सडेतोड, तुमची देणगी 2,000 च्या वर असेल तर रोख देऊ नका, 80जीची सवलत मिळणार नाही.