मुलांना घेऊन गळ टाकायला कोणती कयाक घ्यावी?

बी-५०४: नमस्कार सोसायटीतल्या मंडळींनो. दिवाळीत मालवणला गावी जातोय. कर्ली खाडीत गळ टाकायला कयाक घ्यायचा विचार आहे. कधी एकटा जाईन, कधी मुलं बरोबर असतील. थोरला १० वर्षांचा, धाकटी ६ ची. दहा फुटी, एकट्याची फिशिंग कयाक बघून ठेवली आहे, क्षमता १३६ किलो लिहिली आहे. मी ८२ किलो, धाकटी १९. बसतंय ना गणित?

बी-११०२: मस्तच! पेडलवाली घे. हात मोकळे राहतात, गळ टाकता टाकता पाय मारत राहायचं.

ए-७०१: थांब रे बाबा, गणित बसत नाही. लिहिलेली क्षमता म्हणजे बुडायच्या जवळची मर्यादा समज. व्यवस्थित चालायला आणि तोल राहायला तिच्या ७० टक्क्यांपर्यंतच वजन घालावं. १३६ चे ७० टक्के म्हणजे ९५. तू ८२, आणि गळ, पाणी, डबा, नांगर धरून १२ किलो. झाले ९४. म्हणजे ती कयाक तुझ्या एकट्याने भरली. मुलीला घेतलंस की मागची बाजू पाण्यात बसेल, तळाला पाणी निघून जायला जी भोकं असतात त्यांतून पाणी वर येईल आणि लेकरू ओल्यात बसेल.

बी-५०४: काका, मग एक माझी आणि एक दोघांची अशा दोन घ्याव्या लागतील का?

ए-७०१: नको. तीन बैठका असलेली बारा फुटी मिळते, सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वर उघड्यावर बसायची. दोघं असाल तेव्हा पुढची आणि मागची बैठक लावायची. एकटा असशील तेव्हा मधली, म्हणजे नाक वर उचललं जात नाही. रुंदी ३४ इंचांच्या आसपास बघ. थोरला ३० किलोचा धरला तर तुम्ही दोघं आणि सामान मिळून १२४, म्हणजे क्षमता निदान १८० किलो हवी. एकट्याला ती थोडी जड आणि संथ वाटेल, वाऱ्यात वळवायला कष्ट पडतील, ते मी लपवत नाही. पण मुलांसाठी कयाक निवडताना मी एकच गोष्ट आधी विचारतो: उलटली तर सगळ्यांना पुन्हा वर चढता येईल का? सिट-ऑन-टॉप सरळ करायची, कडेवर पोट टेकून आत सरकायचं, पाणी भोकांतून आपोआप निघून जातं. आत बसायच्या कयाकमध्ये पाणी भरलं की खोल पाण्यात ती उपसणं एका माणसाचं काम नाही, आणि त्याच वेळी पोरगं पण धरायचंय.

ए-७०१: आणि एका वेळी एकच मूल. दोघं पाण्यात पडली तर तुला दोन हात पुरणार नाहीत. दुसऱ्याला किनाऱ्यावर आजीजवळ ठेव. रडलं तरी चालेल.

सी-२०३: काकांचं अगदी पटलं. दादा, फिशिंग कयाकची उंच खुर्ची पण बघून घ्या. तिच्यावरून पाणी छान दिसतं, पाठही दुखत नाही, पण बसण्याची उंची वाढली की तोल लवकर जातो. मुलं मासा लागला की एकदम उभी राहतात. ज्या दिवशी मूल बरोबर, त्या दिवशी खुर्ची खाली.

बी-११०२: पेडलबद्दल कोणी बोललंच नाही. होबी या कयाक कंपनीने १९९७ मध्ये पेंग्विनच्या पंखांसारखे हलणारे पेडल आणले, तेव्हापासून जगभर गळवाले त्यावरच आहेत.

ए-७०१: खोल पाण्यात उत्तमच, एकट्याला तर फारच. पण कर्लीत ओहोटीला चिखल आणि वाळूचे पट्टे उघडे पडतात. पाण्याखाली लोंबणारा पंखा तिथे अडकतो. शिवाय किंमत आणि वजन दोन्ही वाढतं. पहिल्या कयाकला वल्हंच बरं, आणि ते दोरीने बांधून ठेव.

ए-३०४: आमच्या चिपळूणकडे या ना, वाशिष्ठी जवळ पडेल!

सी-२०३: ताई, वाशिष्ठीत मगरी आहेत. लोक होडीतून मुद्दाम बघायला जातात. मुलांना घेऊन पाण्याच्या पातळीवर बसायची ती जागा नाही.

ए-३०४: हो गं, बरोबर. मी होडीतल्या फेरीचं म्हणत होते.

बी-५०४: फुगवायची चालेल का? लिफ्टमध्ये बसते आणि स्वस्तही आहे.

ए-७०१: शांत तळ्यात फिरायला चालेल. गळ, सुरी, शेंगाळा माशाचे काटे यांच्यासोबत मी घेणार नाही. वारा आला की ती पाण्यावरून सरकत जाते, हे जास्त वाईट. आणि शेंगाळा लागला तर मुलांना हात लावू देऊ नकोस. पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचे काटे खोल जातात, ठणका खूप असतो. पक्कड जवळ ठेव, गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाक. तांबोशी मिळाली तर नशीब, काळुंदर मात्र मुलांना नक्की आवडेल.

ए-७०१: तारखांचं बघ आता. लक्ष्मीपूजन अमावस्येला, म्हणजे तेव्हापासून भाऊबीजेच्या पुढेपर्यंत उधाण. ओहोटीला पाणी देवबागच्या संगमाकडे जोरात ओढतं, समोर समुद्र. त्या दिवसांत मुलांना नेऊ नकोस. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी मंद. शाळा उघडायच्या आत एक-दोन सकाळी मिळतील. भरती चढत असताना निघ, खाडीत आतल्या बाजूला जा, दुपारचा वारा सुटायच्या आत किनाऱ्याला. थकलास तरी भरती तुला आतच ढकलेल. वाहत्या पाण्यात कडेला नांगर बांधायचा नाही, कयाक आडवी होऊन उलटते.

सी-२०३: लाइफ जॅकेटवर तरंगवण्याच्या ताकदीचा आकडा बघा. ५० न्यूटन हे चांगलं पोहणाऱ्यांसाठी. मुलांना १०० चं, वजनाच्या मापाचं, पायांमधून पट्टा असलेलं. घालून खांद्याला धरून वर उचला. हनुवटी आत गेली तर जॅकेट मोठं आहे. "पुढच्या वर्षी पण होईल" म्हणून मोठं घेऊ नका, कृपा करून.

डी-१०१: सेक्रेटरी म्हणून विचारतो, बारा फुटी ठेवणार कुठे? लिफ्टमध्ये येणार नाही, जिन्यात आणि पॅसेजमध्ये मी ठेवू देणार नाही, आगीच्या वेळी वाट हवी. सायकल स्टँडमागची भिंत मोकळी आहे, समितीत विषय घेतो.

बी-५०४: धन्यवाद सर. दहा फुटी रद्द. तीन बैठकांवाली घेतो, थोरल्याला आधी नेतो. धाकटी पुढच्या वर्षी.

ए-७०१: तिलाही ने रे, पण भांगाच्या सकाळी, कमरेएवढ्या पाण्यात, किनाऱ्याला लागून. शनिवारी दोघांना जॅकेटसकट क्लबहाउसच्या स्विमिंग पूलवर आण. पाण्यात पडून वर यायचं कसं ते तिथेच शिकवू.

सी-२०३: ९ नंतर पूल मोकळा असतो. मी येते.