मदत हवी आहे: दोहा विमानतळावर व्हीलचेअर आणि लाउंज

आई (६८) आणि बाबा (७३) पुढच्या महिन्यात मुंबई टी २ वरून दोहामार्गे शिकागोला माझ्या बहिणीकडे निघालेत. दोह्याला साडेसहा तासांचा थांबा, पुढे जवळपास १५ तासांचा प्रवास. आईचे गुडघे दुखतात, तिला इन्शुलिनही घ्यावं लागतं. म्हणून मधल्या वेळेत नीट पाठ टेकता यावी आणि वेळेवर गरम जेवण मिळावं, एवढीच धडपड आहे.

तिकिटं इकॉनॉमीची आहेत, त्यामुळे अल मुर्जान बिझनेस लाउंजचा विचार नाही. लाउंजमध्ये प्रवेश देणाऱ्या माझ्या कार्डावर ते दोघं एकटे जाऊ शकत नाहीत, कार्डधारक सोबत लागतो. त्यामुळे पैसे भरून ओरिक्स लाउंज घ्यायचं ठरवलंय. विमानतळावरच्या शांत कक्षातल्या आरामखुर्च्या फुकट आहेत, पण तिथे जेवण नाही. व्हीलचेअर दोघांसाठी तिकिटावर नोंदवली आहे. विमान कंपनीला दोनदा फोन केला. एकदा ‘लाउंजपर्यंत सोडतील’ म्हणाले, एकदा ‘फक्त गेटपर्यंत’. बाबांना हिंदी उत्तम येतं, इंग्रजी जेमतेम. फोनवर रोमिंग असेल.

ज्यांनी आईवडिलांना असं एकटं पाठवलंय त्यांनी कृपया सांगा: दोह्याला व्हीलचेअरवाला मदतनीस लाउंजमध्ये सोडतो का? आणि मुख्य म्हणजे, विमानाच्या वेळी परत न्यायला तो आपणहून येतो, की लाउंजच्या काउंटरवर आधी सांगून ठेवावं लागतं?