मदत हवी आहे: मुलाची दारू पिऊन गाडी चालवल्याची केस आणि सिक्युरिटी क्लिअरन्स

माजघर:
आम्ही व्हर्जिनियात राहतो. मुलगा इथेच जन्मलेला, २४ वर्षांचा. संरक्षण खात्याच्या एका कंत्राटदार कंपनीने त्याला नोकरी देऊ केली आहे, पण सीक्रेट क्लिअरन्स (सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी) मिळण्याच्या अटीवर. त्यासाठी एसएफ-८६ हा लांबलचक फॉर्म भरायचाय.

अडचण अशी की कॉलेजात असताना, २०२२ मध्ये, पार्टीहून परतताना पोलिसांनी त्याला थांबवलं. अल्कोहोल ०.११ निघालं (इथली मर्यादा ०.०८). डीयूआयचा, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा, आरोप लागला. वकिलाने तो 'रेकलेस ड्रायव्हिंग'वर (बेदरकारपणे गाडी चालवणे) आणला. दंड भरला, कोर्टाने सांगितलेला व्हीएसॅपचा (दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीचा व्हर्जिनियाचा कार्यक्रम) कोर्सही केला. त्यानंतर काही नाही. आता क्वचित एखादी बिअर घेतो, तीही घरीच.

ह्यांचं म्हणणं, "डीयूआय उरलंच नाही, मग कशाला लिहायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची." मुलगा म्हणतो, लिहायलाच हवं. मला दुसरीच धास्ती. चौकशीला माणसं शेजारीपाजारी जातात म्हणे, आणि आमच्या शेजारचं कुटुंब मराठीच आहे. आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही.

पोटोमॅककाठ:
ताई, मुलाचं ऐका. मी क्लिअरन्सवाल्या नोकरीत बरीच वर्षं काढली आहेत, पण वकील नाही, हे आधीच सांगतो.

फॉर्मच्या कलम २२ मध्ये शिक्षा झाली का एवढंच विचारत नाहीत. दारू किंवा अमली पदार्थांशी संबंधित आरोप *कधीही* लागला होता का, असा प्रश्न आहे. आरोप नंतर कमी झाला, तरी उत्तर 'हो'च. दारूचं कलम २४ वेगळं आहे. कोर्टाने पाठवलेल्या कोर्सबद्दल ते तिथे नीट वाचून भरू दे.

क्लिअरन्स द्यायचं की नाही हे ठरवायच्या, २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत तेरा निकष आहेत. दारूचा 'जी', गुन्ह्यांचा 'जे'. एकच घटना, मधे गेलेली वर्षं, पूर्ण केलेला कोर्स, बदललेली सवय हे सगळं अर्जदाराच्या बाजूने धरतात. एका डीयूआयवरून दार बंद होतंच असं नाही. पण लपवलं की 'ई' हा वैयक्तिक वर्तनाचा निकष लागतो, आणि तो दारूपेक्षा जड जातो. शिवाय फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बोटांचे ठसे घेतात, अटक त्यात दिसतेच. ही मूठ झाकलेली नाहीच मुळी.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर सीक्रेटसाठी भर मुख्यतः नोंदी तपासण्यावर असतो. दारोदार चौकशी त्यावरच्या टॉप सीक्रेटला जास्त. आलंच कुणी, तरी तुमच्या शेजाऱ्यांना केस सांगायला येत नाहीत, मुलाबद्दल विचारायला येतात.

कोर्टाच्या निकालाची प्रत आणि कोर्स पूर्ण केल्याचं पत्र जवळ ठेवा. खुलाशाच्या जागेत दोनतीन सरळ वाक्यं पुरेत. "मित्रांनी आग्रह केला" वगैरे अजिबात नको. आणि एक विचारतो, राग मानू नका. 'क्वचित एखादी' हे तुमचं म्हणणं की त्याचं?

माजघर:
राग कसला. तेच त्याला विचारलं. "महिन्यातून दोनदा, मित्रांबरोबर, आणि येताना उबर," म्हणाला. मला घरच्या एका बिअरचंच माहीत होतं.

व्हीएसॅपचं पत्र गराजमधल्या खोक्यात सापडलं. ह्यांना तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. "बघू" म्हणाले. मुलगा वर बसून फॉर्म भरतोय.