मदत हवी आहे: अमेरिकेतल्या कोर्टाच्या निकालाची प्रत

घाईत_आहे:
अमेरिकेतल्या कोर्टाच्या निकालाची प्रत हवी आहे, तातडीने. साइटवर नंबर टाकला की केस दिसते, पण कागद एकही उघडत नाही. तिकडे सगळं पब्लिक असतं ना? कोणी केलंय का हे?

नाना_ठाणेकर:
राज्य कुठलं, काउंटी कुठली? केस कसली? 'अमेरिकेतलं कोर्ट' एवढ्यावरून काय सांगणार?

टेक्सासकर:
पेसरवर, म्हणजे कोर्टाचे कागद ऑनलाइन दाखवणाऱ्या साइटवर, खातं उघडा. पानाला १० सेंट, तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर तेही माफ. मी दिवाळखोरीच्या केसेस घरबसल्या बघतो.

नाना_ठाणेकर:
टेक्सासकर, पेसरवर फक्त फेडरल, म्हणजे केंद्राची कोर्टं, राज्यांची नाहीत. दिवाळखोरी फेडरलकडे जाते म्हणून तुम्हाला दिसते. त्यांना आधी बोलू तरी द्या.

टेक्सासकर:
माहीत होतं ते सांगितलं, एवढंच.

घाईत_आहे:
सॅन होजे. पेसर बघून झालं, काही नाही.

फ्रीमाँटची_मावशी:
म्हणजे सांता क्लारा काउंटीचं सुपीरिअर कोर्ट. घटस्फोटाची केस आहे का? भोचकपणा नाही हो, उत्तर त्यावर अवलंबून आहे.

घाईत_आहे:
हो, माझीच. आता पुण्यात आहे. दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीला निकाल मागतायत.

फ्रीमाँटची_मावशी:
हे आधी सांगायचं! साइट बिघडलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या कोर्ट नियम २.५०३ प्रमाणे कौटुंबिक केसचे कागद पब्लिक असले तरी घरून उघडत नाहीत, कोर्टात जाऊनच बघायचे. केस नंबर आणि दोघांची नावं देऊन 'जजमेंट, फॉर्म एफएल-१८०' याची सर्टिफाइड कॉपी, म्हणजे कोर्टाने प्रमाणित केलेली प्रत, मागा. घटस्फोटाच्या निकालाला १५ डॉलर. साधी झेरॉक्स ५० सेंट पान, पण ती नोंदणीला चालायची नाही. टपालानेही मागता येते, फक्त चेक अमेरिकन बँकेचा हवा आणि परतीच्या पाकिटाला तिकडचीच तिकिटं.

सॅक्रामेंटो_रिटर्न:
एवढं कशाला? राज्याच्या आरोग्य खात्याकडे मागा की.

फ्रीमाँटची_मावशी:
त्यांच्याकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच घटस्फोटांच्या नोंदी. आणि मिळतो तो नोंदीचा दाखला, निकाल नाही.

वकील_नागपूर:
प्रत मिळेल, पण हा निकाल भारतात टिकेल का? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ बघा, ते परदेशी निकालांबद्दलच आहे. नरसिंह राव खटल्यात, १९९१, सर्वोच्च न्यायालयाने परदेशी घटस्फोट कधी मान्य करायचा ते सांगितलंय. लग्न कुठल्या कायद्याखाली झालं होतं?

घाईत_आहे:
वकीलसाहेब, दोघांच्या संमतीने झाला होता. मला फक्त कागद हवाय.

वकील_नागपूर:
संमती निकालात लिहिलेली आहे का, ते वाचा. उद्या कोणी विचारलं तर?

नाना_ठाणेकर:
आधी निकाल हातात तर येऊ द्या, मग वाचतील.

कोथरूडकर:
प्रत आली की मुंबईत अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी दाखला, करून घ्या. माझ्या डिग्रीचं केलं होतं.

फ्रीमाँटची_मावशी:
तुमची डिग्री भारतातली होती. हा कागद कॅलिफोर्नियाचा, म्हणून अपोस्टिल त्या राज्याच्याच सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसकडून, सॅक्रामेंटोला. २० डॉलर. त्यामुळे प्रत भारतात मागवूच नका, तिकडच्या कोणाच्या तरी पत्त्यावर घ्या आणि अपोस्टिल होऊनच इकडे येऊ द्या.

घाईत_आहे:
बहीण सनीव्हेलला असते. तिला जमेल का? ऑथॉरिटी लेटर लागेल?

फ्रीमाँटची_मावशी:
अहो, सनीव्हेलहून सॅन होजे कितीसं! फाइल सील, म्हणजे कोर्टाने गोपनीय केलेली नसेल तर लेटर नको, कोणीही जाऊन मागू शकतं. पब्लिक रेकॉर्ड ते हेच.

टेक्सासकर:
सॅन होजेचा विषय निघालाच आहे तर, तिकडे पार्किंगच्या दंडाविरुद्ध कोणी अपील केलंय का?