मदत हवी आहे: घामासाठी डिओडरंट घ्यावा की अँटिपर्स्पिरंट?

अबोली:
नमस्कार. मी रत्नागिरीत माध्यमिक शाळेत शिकवते. इथल्या दमट हवेत घाम सगळ्यांनाच येतो, पण माझा त्रास उन्हाळ्यापुरता नाही. डिसेंबरातही दुसऱ्या तासापर्यंत ब्लाउजच्या दोन्ही काखा ओल्या होतात. फळ्यावर लिहायला हात वर केला की सगळ्या वर्गाला दिसतं. म्हणून हल्ली मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिते आणि मागच्या बाकांवरच्या मुलांना ते दिसत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

वासाचा त्रास मला जवळजवळ नाहीच. माझ्या मुलीचं नेमकं उलट आहे. ती तेरा वर्षांची. घाम बेताचाच, पण शाळेतून आली की गणवेशाला उग्र वास येतो. वर्गातल्या एका मुलीने चारचौघांत बोलून दाखवलं, तेव्हापासून ती दप्तरात बॉडी स्प्रे ठेवते आणि गणवेशावरून मारत राहते. वास जात नाही, वर सुगंधाची भर पडते.

औषधांच्या दुकानात एकाच कंपनीचे दोन रोल-ऑन होते, एकावर डिओडरंट, दुसऱ्यावर अँटिपर्स्पिरंट. दुकानदार म्हणाला, "दोन्ही सारखंच मॅडम, सुगंध बघून घ्या." खरंच सारखं असतं का? आम्हा दोघींना एकच चालेल का? घाम अडवला तर शरीरातली घाण आत राहते का? सासूबाई तुरटी लाव म्हणतात. आणि अ‍ॅल्युमिनियममुळे स्तनाचा कर्करोग होतो असे मेसेज सारखे येतात. माझ्या मावशीला तो झाला होता, त्यामुळे ही भीती मनातून जात नाही.

खलाशी:
सारखं अजिबात नसतं. माझी नोकरी जहाजाच्या इंजिन रूममध्ये, तिथली उष्णता काय सांगावी. बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. त्यात 'अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट' किंवा 'अ‍ॅल्युमिनियम झिर्कोनियम' असं काही असेल तर ते घाम कमी करणारं, म्हणजे अँटिपर्स्पिरंट. नुसतं अल्कोहोल आणि परफ्युम असेल तर ते वासापुरतं. समोरचं मोठं नाव बघून घेऊ नका. आपल्याकडे डिओ म्हणून विकले जाणारे बहुतेक स्प्रे दुसऱ्या प्रकारातले असतात.

निशिगंध:
अबोलीताई, मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा आणि लेकीचा, हे दोन वेगळे त्रास आहेत, त्यामुळे बाटल्याही वेगळ्या लागतील.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत दोन प्रकारच्या घामग्रंथी असतात. एक्रिन ग्रंथी अंगभर असतात, पाणी आणि मीठ बाहेर टाकून शरीर थंड ठेवतात. तुमचे ब्लाउज त्यांच्यामुळे भिजतात. अपोक्रिन ग्रंथी मुख्यतः काखेत आणि जांघेत असतात आणि वयात येताना कामाला लागतात. त्यांचा स्राव दाटसर असतो. कातडीवरचे जिवाणू त्याचं विघटन करतात आणि तो उग्र वास तयार होतो. लेकीला सांगा, हा तिच्या अस्वच्छतेचा दोष नाही, तिच्या वयाचा भाग आहे. चारचौघांत ऐकून घेतलेल्या मुलीला हे आईकडून ऐकणं कुठल्याही रोल-ऑनइतकंच गरजेचं आहे.

तिला डिओडरंट पुरेल. अंघोळीत काखा साबणाने धुवायच्या, पूर्ण कोरड्या करायच्या आणि मग कातडीवर लावायचं. कपड्यावरून मारून उपयोग नाही. गणवेश पॉलिएस्टरचा असेल तर वास त्यात धरून राहतो, तेव्हा आत सुती बनियन घालू द्या आणि गणवेश रोज धुवा. एवढं करूनही फरक पडला नाही तर बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश असतो, दोन-तीन मिनिटं ठेवून धुवायचा. त्याने टॉवेलचा रंग उडतो, पण जिवाणू चांगले कमी होतात. तो मात्र डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा.

तुम्हाला अँटिपर्स्पिरंट हवं. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामनलिकेच्या तोंडाशी तात्पुरतं बूच तयार करतात. ते रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या काखेत लावायचं. रात्री घाम कमी असल्याने क्षार नलिकेत बसतात. ओल्या किंवा नुकत्याच शेव्ह केलेल्या कातडीवर लावलं तर आग होते. साधी अँटिपर्स्पिरंट घाम पूर्ण थांबवत नाहीत. अमेरिकेच्या नियमांनुसार घाम किमान २० टक्के कमी झाला तरी ते परिणामकारक धरतात. तेवढ्याने भागलं नाही तर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेटचं जास्त ताकदीचं द्रावण मिळतं. त्यापुढे बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत. काखेच्या अतिघामासाठी अमेरिकेत त्यांना २००४ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम काही महिने टिकतो, खर्च मात्र बराच.

घाण आत राहत नाही. ती बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात, आणि उरलेल्या अंगावर घाम येतच असतो. कर्करोगाचा संबंध आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. मावशींमुळे काळजी वाटते हे स्वाभाविक आहे, पण त्यासाठी तपासणी केव्हा सुरू करायची हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारणं जास्त कामाचं. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या, दिवशी काखेत काहीही लावू नका, अ‍ॅल्युमिनियमचे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

एक विचारायचं राहिलं: झोपेत अंग भिजतं का? वजन उतरलंय, धडधडतं, ताप येतो, असं काही? तसं असेल तर आधी थायरॉइड, साखर वगैरे तपासून घ्या.

वेताळटेकडी:
तुरटीबद्दल लिहितो. आमच्याकडे आजोबांपासून दाढीनंतर आणि काखेत तुरटी फिरवतात. वासाला चांगली आहे, जिवाणू कमी करते. ब्लाउज भिजणं मात्र तिने थांबणार नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भीतीने कुणी तुरटीकडे वळत असेल तर लक्षात घ्या, तुरटी म्हणजेच पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. खाण्याचा सोडा मात्र काखेत लावू नका, माझ्या बहिणीची कातडी सोलली होती.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. झोपेत घाम येत नाही, बाकीही काही नाही. वडिलांना असाच घाम यायचा. दोन शंका: रात्री लावलेलं सकाळच्या अंघोळीत धुऊन जाणार नाही का? आणि ब्लाउजवर पिवळे डाग पडतात असं ऐकलंय.

निशिगंध:
झोपेत नाही, दोन्ही काखांत सारखा, आणि वडिलांनाही होता. मग हा बहुधा प्राथमिक अतिघाम आहे, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजारामुळे न आलेला, घराण्यात चालतो. धोक्याचा नाही, पण तो सोसत राहायचीही गरज नाही.

अंघोळीत वरचा थर जातो, नलिकेतलं बूच राहतं. पहिला आठवडा रोज रात्री लावा. घाम कमी झाला की आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. आग झाली तर एक-दोन रात्री सोडा.

डाग अ‍ॅल्युमिनियम आणि घाम एकत्र आल्याने पडतात. रात्री लावून पूर्ण वाळू दिलंत तर कापडाला फारसं लागत नाही. डाग पडलाच तर क्लोरीनचं ब्लीच टाळा, पिवळेपणा वाढू शकतो. आणि शिंप्याकडून काखेत सुती अस्तराचे सुटे तुकडे शिवून घ्या, काढून धुता येतात. महिनाभराने फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना भेटाच.