डबल्समध्ये ४०-४० नंतर एकच पॉइंट? तिसरा सेट कुठे गेला?

सातारी_कंदी:
लेक क्लबात टेनिस शिकते, त्यामुळे घरात सध्या जुन्या मॅचेस बघायचा सपाटा चालू आहे. काल बालेवाडीच्या २०२२ च्या महाराष्ट्र ओपनमधली डबल्सची फायनल बघितली. बोपण्णा-रामकुमार विरुद्ध सॅव्हिल-स्मिथ. पहिला सेट आपले टायब्रेकमध्ये (६-६ नंतरच्या निर्णायक गेममध्ये) हरले, दुसरा ६-३ जिंकले आणि मग तिसरा सेट गायबच! थेट १०-६ आणि चषक. शिवाय ४०-४० झालं की ॲडव्हान्टेज (सलग दोन पॉइंट घ्यायची भानगड) नाहीच, पुढचा पॉइंट ज्याचा, गेम त्याचा. सासरे म्हणतात, ही काय सोसायटीतली मॅच आहे का, विम्बल्डनला असं चालत नाही. नक्की काय भानगड आहे? आणि नेटपाशी उभा असलेला खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटं का दाखवतो?

पेठेतला_पाहुणा:
टीव्हीसाठी हो. डबल्स लवकर उरका आणि सिंगल्स लावा, एवढंच.

ॲडकोर्टवाला:
पाहुणे, अर्धंच सांगितलंत.

ताई, सासऱ्यांचं विम्बल्डनबद्दल बरोबर आहे. तिथे डबल्सलाही ड्यूस (म्हणजे ४०-४०) आणि ॲडव्हान्टेज आहे आणि तिसरा सेट पुरा खेळतात, ६-६ झालं तरच दहाचा टायब्रेक, म्हणजे दोनच्या फरकाने आधी दहा पॉइंट करेल तो जिंकला. २०२२ पर्यंत तर पुरुषांचं डबल्स तिथे पाच सेटचं होतं. एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या) नेहमीच्या स्पर्धांत मात्र २००६ पासून तुम्ही पाहिलंत तेच चालतं: तिसऱ्या सेटऐवजी थेट हा दहाचा टायब्रेक.

आणि हे तडजोडीतून आलंय. २००५ मध्ये एटीपीच्या डोक्यात याहून भयंकर बेत होता: सेट पाचच गेमचा, ४-४ ला टायब्रेक, आणि काही वर्षांत डबल्सचा ड्रॉ (स्पर्धेतल्या जागा) जवळजवळ सिंगल्सवाल्यांसाठीच राखून ठेवायचा. म्हणजे नुसत्या डबल्सवर पोट असणाऱ्यांनी घरी बसायचं. ब्रायन बंधूंसकट बरेच डबल्सवाले थेट कोर्टात गेले, ह्यूस्टनला केस घातली. शेवटी मिटवामिटवी झाली. सहा गेमचे सेट राहिले, डबल्सवाल्यांची जागा राहिली, त्याबदल्यात ॲडव्हान्टेज आणि तिसरा सेट गेला.

मला स्वतःला तो ४०-४० चा पॉइंट आवडतो. कोणत्या बाजूने रिटर्न घ्यायचा हे रिसीव्ह करणारी जोडी ठरवते. आपसात जागा बदलता येत नाही, म्हणून प्रश्न एवढाच की सर्व्हिस कुणाच्या अंगावर घ्यायची. ज्याचा रिटर्न त्या दिवशी लागतोय त्याची बाजू मागायची. आमच्या जिमखान्यात यावरून पार्टनरशी अबोला धरलेले लोक आहेत (मी त्यातला नाही, निदान या महिन्यात तरी नाही).

दहाच्या टायब्रेकचीही एक गंमत आहे. नियमाने तो सेटच्या जागी येतो, त्यामुळे त्याआधी जोडीत सर्व्ह कोण आधी करणार आणि रिटर्नला कोण कुठल्या बाजूला, हे बदलायची मुभा असते. वारा किंवा ऊन एखाद्याला त्रास देत असेल तर तिथे दुरुस्त करून घेता येतं. त्यात दोन पॉइंट इकडेतिकडे झाले की खेळ खल्लास. २०२० ला बालेवाडीतच योरान्सन-रुंगकाट जोडीने एर्लिच-वासिलेव्हस्कीला १०-८ ने हरवलं होतं.

सातारी_कंदी:
वा! आणि बोटं?

ॲडकोर्टवाला:
ती राहिलीच. नेटवाला पाठीमागून सर्व्हरला सांगतो. एका इशाऱ्यात सर्व्हिस कुठे टाक: बाहेर, अंगावर की मधल्या रेषेवर. दुसऱ्या इशाऱ्यात मी काय करणार. आमच्याकडे बंद मूठ म्हणजे जागेवरच थांबतो, उघडा पंजा म्हणजे पलीकडे झेपावून बॉल कापतो, मागची मोकळी बाजू तू सांभाळ. प्रत्येक जोडीचं ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. पुढच्या वेळी सर्व्हरकडे बघू नका, नेटवाल्याकडे बघा. कधीकधी तो मधल्या रेषेपाशी जवळपास उकिडवाच बसतो, डोक्यावरून सर्व्हिस जाते आणि तो डावीकडे उठेल की उजवीकडे, हे समोरच्याला कळत नाही. टीव्हीवाले नेमका तेव्हाच सर्व्हरचा क्लोजअप दाखवतात, डोकं फिरतं.

पेठेतला_पाहुणा:
सगळं मान्य, पण लोकांना मोठी नावं हवीत. सिंगल्सचे स्टार उतरले की स्टेडियम भरतं. २०२५ च्या यूएस ओपनला मिक्स्डमध्ये तेच केलं ना?

ॲडकोर्टवाला:
केलं की. सोळा जोड्या, त्यातल्या आठ सिंगल्सच्या रँकिंगवर, बाकी वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी थेट बोलावलेल्या. फायनलपर्यंत सेट चार गेमचे. म्हणजे २००५ चं भूत दुसऱ्या कपड्यांत. आणि जिंकलं कोण? एरानी-वावासोरी, आदल्या वर्षीचेच विजेते आणि ड्रॉमधली एकमेव मुरलेली डबल्सची जोडी. फायनलला श्वियाँतेक आणि रूड समोर होते, तरी दहाच्या टायब्रेकमध्ये १०-६.

तरी सिंगल्सवाल्यांना डबल्स येत नाही असं मी म्हणणार नाही. बालेवाडीला २०१८ मध्ये जिल सिमॉन सिंगल्स जिंकला आणि डबल्सच्याही फायनलला होता. रामकुमारही तेव्हा मुळात सिंगल्सवालाच, पण शेजारी बोपण्णा होता. बोपण्णाने पुढे २०२४ ला ४३ व्या वर्षी एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन मारली. सिंगल्समध्ये या वयात कुणी दुसऱ्या आठवड्यात तरी दिसतो का?

पेठेतला_पाहुणा:
हे बाकी पटलं. बालेवाडीची स्पर्धाच हाँगकाँगला गेली याचा राग कुणावर काढायचा?

ॲडकोर्टवाला:
त्याचा वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर शिव्या घालतो.

सातारी_कंदी:
शेवटचं एक. लेक उजव्या हाताने खेळते, पार्टनर डावखुरी आहे. कोणी कुठे उभं राहायचं?

ॲडकोर्टवाला:
सर्वसाधारणपणे डावखुरी ॲड कोर्टला, म्हणजे डावीकडे. दोघींचे फोरहँड बाहेरच्या बाजूला येतात. पण मग मधून येणाऱ्या बॉलवर दोघींचेही बॅकहँड, आणि समोरच्या पोरी हुशार असल्या तर सगळं तिथेच मारतील. उलटं उभं राहूनही दोन-चार मॅच खेळून बघू दे. आणि मधला बॉल कुणाचा, हे आधी ठरवायला सांगा. निम्मे पॉइंट "तुझा-तुझा" करण्यात जातात.